नव्या लेखकाचं जुनं लिखाण वाचणार कोण?

ऑनलाइन मराठीत कोणी नवीन लिहायला लागलं की आपण सगळे त्याला एकच सल्ला देतो, लिहीत राहा, सातत्य ठेव, वाचक आपोआप येतील. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे, आणि या अर्ध्या सल्ल्यामुळे बरीच चांगली लिहिणारी माणसं दोन-तीन वर्षांत लिहिणं सोडून देतात असं माझं स्पष्ट मत आहे. कारण वाचक येतात तेव्हा ते आजची पोस्ट वाचायला येतात. आज आलेल्या वाचकाला पत्ताच नसतो की याच बाईने वर्षभरापूर्वी याहून कितीतरी चांगलं काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते तेव्हा वाचलं कोणी, तर तिच्या मावशीने, ऑफिसातल्या दोन मैत्रिणींनी आणि शाळेच्या ग्रुपने. वाचक नसताना जे लिहिलं ते कायमचं बिनवाचकाचं राहतं. पुढे वाचक मिळाले तरी त्या लिखाणाच्या वाट्याला काहीच येत नाही. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. यावर उपाय आहे, अवघडही नाहीये, पण तो एकट्या लेखकाच्या गळ्यात टाकून चालणार नाही, वाचणाऱ्यांनी, ग्रुप चालवणाऱ्यांनी आणि ज्यांचं आधीच नाव झालंय त्यांनी तो करायचाय.

माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे, काळाचौकीची. कॉटन ग्रीनला गाडीत चढली की वाशी येईपर्यंत फोनवर टाइप करत असते. अगदी सुरुवातीला, म्हणजे तिला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा, तिने तिच्या आजीवर लिहिलं होतं. आजी घरातच खानावळ चालवायची, गिरणीतले कामगार जेवायला यायचे, एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे बसायचे आणि ते सगळे उठेपर्यंत घरातल्या पोरींना अभ्यासाला पाट मिळायचा नाही. आजीला लिहिता येत नव्हतं म्हणून कोणाचे किती खाडे झाले ते ती कोळशाने भिंतीवर रेघा मारून ठेवायची, प्रत्येक जेवणाऱ्याची वेगळी खूण, एकाचं शिडीचं चित्र कारण तो उंच होता, एकाचा मासा कारण तो मालवणकडचा. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जेवणारे हळूहळू गावाला गेले, बरेच जण पैसे द्यायचे ठेवून गेले, आणि आजीने पुढे कित्येक दिवाळ्या त्या भिंतीला चुना लावू दिला नाही, लोक परत आले तर हिशेब कसा लागणार म्हणून.

ते वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवला होता. गिरणी संपावर आपण इतकं वाचलेलं असतं, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, बंद पडलेल्या गिरण्या, नंतरचे टॉवर आणि मॉल, पण खानावळवालीची उधारी संपात बुडाली हे त्यात कुठे येत नाही. याच बायकांना एकत्र करून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, म्हणजे या खानावळी गिरणगावाच्या अर्थकारणाचा केवढा मोठा भाग होत्या बघा. आणि ते आतून सांगणारा एक लेख फेसबुकवर पडून आहे, मोजून थोड्या लोकांनी पाहिलेला.

पुढे काय झालं, तर या मुलीने लेडीज डब्यातल्या चौथ्या सीटबद्दल, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीने कसंबसं टेकायच्या जागेबद्दल, एक पोस्ट लिहिली. खुसखुशीत होती, छानच होती, ती तुफान फिरली. फॉलोअर वाढले, फ्रेंड रिक्वेस्टचा पाऊस पडला. आणि या नव्या आलेल्या लोकांपैकी आजीच्या खानावळीपर्यंत कोणीही पोचलं नाही, कारण पोचायला वाटच नाही. मी तिला म्हटलं परत टाक की ती पोस्ट, तर म्हणाली, ‘नको ताई, लोक म्हणतील हिला नवीन काही सुचत नाही, जुनंच उकरून टाकते.’

हे जे तिला वाटतं ना, ते तिच्या स्वभावामुळे नाही, ते आपण तिला शिकवलंय. जुनी पोस्ट परत टाकली की खाली कोणीतरी लिहितंच, ‘आधी वाचलंय’. ग्रुपमध्ये स्वतःच्या जुन्या लेखाची लिंक दिली की ॲडमिन सांगतो जाहिरात करू नका. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा धजावत नाही. त्यातून बायका आणि नवी मुलं तर जास्तच लवकर गप्प होतात, कारण स्वतःच्या कामाबद्दल स्वतः बोलणं आपल्याकडे आधीच आगाऊपणात मोडतं.

आता ही जुनं म्हणजे वाया गेलेलं अशी समजूत मराठी वाचकाची मुळात कधीच नव्हती. आपण तर दिवाळी अंकांवर वाढलेले लोक. १९०९ साली का. र. मित्र यांनी मुंबईत ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे पद्धत अशी की अंक दिवाळीला येतो आणि वाचला जातो होळीपर्यंत. दादर, पार्ला, डोंबिवली, कुठल्याही लायब्ररीत जा, दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भरायची आणि चार-पाच महिने एकेक अंक बदलून आणायचा. एप्रिलमध्ये दिवाळी अंक वाचणाऱ्याला कोणी शिळं वाचतो म्हणत नाही. माटुंग्याला, फोर्टात फुटपाथवर बसून लोक वीस-तीस वर्षांपूर्वीचे अंक शोधतात आणि मिळाला की घरी येऊन फोटो टाकतात. तेच लोक फेसबुकवर आठ महिन्यांपूर्वीची पोस्ट वर आली की ‘ही जुनी आहे’ म्हणून पुढे जातात. वाचणारा माणूस तोच आहे, जागा बदलली की त्याची सवय बदलते.

कारण ती जागाच तशी बांधलेली आहे. फीड आजचं दाखवतं, काल काय झालं याच्याशी त्याला फार देणंघेणं नाही. फेसबुकवर पूर्वी नोट्स होत्या, मोठा लेख नीट शीर्षक देऊन वेगळा ठेवता यायचा, कोणी नवीन आलं की तिथे जाऊन सगळं एका जागी बघता यायचं, ती सोय त्यांनी २०२० मध्ये बंद केली. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक लिहिली तर तिच्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. बंद ग्रुपमध्ये लिहिलेलं गूगलला दिसत नाही, व्हॉट्सॲपवरचं तर सोडूनच द्या. आणि अख्ख्या जागाच्या जागा बंद होतात ते वेगळं, ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरमध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये गेलं, तिथे मराठीत किती लोकांनी किती लिहिलं होतं ते आज कुठून आणायचं? छापील पुस्तकासाठी १९५४ पासून कायदा आहे, प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत प्रत पाठवायची, त्यातलं एक आपल्या मुंबईत आहे. म्हणजे एखादं अगदी सुमार पुस्तकसुद्धा कुठेतरी कपाटात सापडण्याची शक्यता असते. फोनवर टाइप केलेल्या लेखाला असं कोणीही वाली नाही.

शिवाय आपल्या भाषेच्या म्हणून काही वेगळ्या अडचणी आहेत. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसेल अशी अक्षरांची पद्धत, सरसकट वापरात यायच्या आधी लोक वेगवेगळ्या फॉन्टमध्ये लिहायचे, तो फॉन्ट नसेल तर समोर नुसता गिचमिड इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो आणि सर्चला तो मराठी आहे हेही कळत नाही, तेव्हाचं कितीतरी लिखाण असंच गेलं. आता युनिकोड आहे तर लोक फुलांच्या बॅकग्राउंडवर मजकूर लिहून त्याचा फोटो टाकतात, म्हणजे दिसायला सुंदर, शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही. आणि शीर्षकं! ‘असंच काहीतरी’, ‘मनातलं’, ‘आज सहज’, ‘भाग ३’. खानावळीच्या त्या लेखाला शीर्षक होतं ‘आजी’. बास, एवढंच. जगातल्या प्रत्येक नातवंडाने आजीवर लिहिलंय, त्यात हा लेख कोणाला सापडणार? ‘काळाचौकीची खानावळ आणि गिरणी संप’ एवढं जरी वर लिहिलं असतं तरी त्या विषयावर काम करणारा एखादा कॉलेजचा विद्यार्थी तिथपर्यंत आला असता.

पण माझा खरा राग आहे तो फॉरवर्डवर, त्याबद्दल जरा सविस्तर बोलते.

मराठीत आज सगळ्यात जास्त वाचन होतं ते व्हॉट्सॲपवर होतं, हे कोणी मान्य करो न करो. सोसायटीचा ग्रुप, गावाकडचा ग्रुप, निवृत्त झालेल्यांचा ग्रुप, सकाळी उठल्यापासून लेख फिरत असतात. त्यातले बरेच लेख कोणीतरी नवीन लिहिणाऱ्या माणसाने फेसबुकवर लिहिलेले असतात. कॉपी करताना पहिलं काय जातं तर नाव. मग खाली ‘लेखक अज्ञात’, ‘साभार’, ‘वाचनात आलं, आवडलं, म्हणून पाठवतोय’. कधी कधी तर सरळ एखाद्या गाजलेल्या दिवंगत लेखकाचं नाव चिकटवून देतात आणि मग ते पुसता पुसत नाही. खूप हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, म्हणजे लेख किती फिरला हे आपल्याला समजतं, लिहिला कोणी ते समजत नाही.

लोक म्हणतात अहो लेख पोचला ना हजारो लोकांपर्यंत, आनंद मानावा. नाही. वाचकाला लेख आवडला तर त्याला या माणसाने आणखी काय लिहिलंय हे बघावंसं वाटतं, ही वाचनातली सगळ्यात नैसर्गिक इच्छा आहे, आपण शाळेत असताना लायब्ररीत एखादं पुस्तक आवडलं की ‘यांचंच दुसरं द्या ना’ असंच म्हणायचो. नाव कापलं की ही इच्छा तिथल्या तिथे मरते. त्या एका लेखाला दहा हजार वाचक मिळतात आणि त्याच लेखकाच्या बाकीच्या लेखांना त्या दहा हजारांतला एकही मिळत नाही. नवीन लेखकाचं यात जेवढं नुकसान होतं तेवढं प्रसिद्ध लेखकाचं होत नाही, कारण प्रसिद्ध माणसाची शैली ओळखून कोणीतरी सांगतं की हे अमुकचं आहे. नवीन माणसाला कोण ओळखणार? आणि हा नुसता शिष्टाचाराचा मुद्दा नाहीये, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे, त्यानुसार ही माझी कलाकृती आहे असं सांगण्याचा हक्क लेखकाकडे कायम राहतो, कॉपीराइट विकला तरीसुद्धा. अर्थात सोसायटीच्या ग्रुपवरच्या काकांना कोणी कोर्टात खेचावं असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला म्हणायचंय की काकांनी कॉपी करताना एक ओळ जास्त कॉपी करावी. नाव, आणि जमलं तर लिंक. फेसबुकवर पोस्टच्या वर नावाखाली तारीख असते, त्या तारखेवर टॅप केलं की ती एकच पोस्ट स्वतंत्र उघडते, तिथून लिंक कॉपी होते, हे अजून कितीतरी रोज फेसबुक वापरणाऱ्यांना माहीत नाही. ते एकदा घरातल्या मोठ्यांना बसून दाखवा, दोन मिनिटं लागतात.

आता यावर एक ठरलेलं उत्तर येतं, लिखाण चांगलं असेल तर ते वाचलं जातंच, सोनं काही लपत नाही वगैरे. हे मला अजिबात पटत नाही. गोपाळ हरी देशमुखांनी, म्हणजे लोकहितवादींनी, १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहिली, भाऊ महाजनांनी ती छापली. साप्ताहिकातलं पत्र, पुढच्या आठवड्यात कोण विचारतो? ती सगळी १०८ पत्रं आज आपल्याला वाचता येतात, त्यावर अभ्यास होतो, परीक्षेला प्रश्न येतात, कारण कोणीतरी ती जुनी पानं जपली, शोधली, एकत्र केली, पुस्तक केलं. लिहिणं लोकहितवादींचं, पण दीडशे वर्षं वाचत राहणं हे बाकीच्या लोकांचं काम. मराठीतले बहुतेक चांगले लेखसंग्रह असेच झालेत, आधी कुठल्यातरी नियतकालिकात सुटं सुटं आलं आणि मग संपादकाने, प्रकाशकाने गोळा केलं. चांगलं लिखाण स्वतःहून चालत वाचकाकडे गेल्याचं उदाहरण मला तरी सापडत नाही. ऑनलाइनमध्ये आपण संपादक आणि प्रकाशक दोघांनाही बाजूला केलं, त्याचे फायदे झाले, कोणीही लिहू शकतं ही केवढी मोठी गोष्ट आहे, काळाचौकीच्या त्या मुलीला कुठल्या संपादकाने इतक्या सहज जागा दिली असती? पण गोळा करणारं माणूस गेलं आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. ती जागा आपण वाचकांनी थोडी थोडी भरायला हवी.

म्हणजे करायचं काय? सगळ्यात आधी ज्यांचे हजारो फॉलोअर आहेत अशा लेखकांकडे माझी विनंती आहे. तुम्ही नवोदितांना प्रोत्साहन देता, कार्यक्रमात चार शब्द बोलता, ते ठीक, पण ‘आजकाल नवी मुलं छान लिहितायत’ या वाक्याचा एकाही नव्या मुलाला उपयोग होत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा एका नव्या लेखकाचा एक जुना लेख निवडा, त्याची लिंक द्या आणि तो तुम्हाला का आवडला ते दोन ओळींत लिहा. ‘जरूर वाचा’ नको. ‘यात भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांबद्दल जे आहे ते मी आधी कुठेच वाचलं नव्हतं’ असं काहीतरी, ज्यामुळे वाचणाऱ्याला उघडून बघावंसं वाटेल. आणि शक्यतो तिचा गाजलेला लेख देऊ नका, तो आधीच सगळ्यांनी वाचलाय, जो पडून राहिलाय तो द्या. यासाठी तुम्हाला तिच्या प्रोफाइलवर खालपर्यंत जावं लागेल, अर्धा तास मोडेल. तुम्हालाही कधीतरी कोणीतरी असाच अर्धा तास दिलेला असणार.

ग्रुप ॲडमिनची अडचण मला समजते, खरंच समजते. लिंकला मोकळीक दिली की दुसऱ्या दिवशी साड्या, प्लॉट आणि शेअर बाजाराचे क्लास सुरू होतात, आणि लेखकांमध्येही काही जण असे असतात की विषय कोणताही असो, खाली येऊन ‘माझ्या वॉलवर या’ एवढंच लिहून जातात, दुसऱ्याचं एक अक्षर न वाचता. त्यामुळे सरसकट बंदी घातली जाते. पण सरसकट बंदीत भरडला जातो तो भिडस्त माणूस, निर्ढावलेला काहीतरी वाट काढतोच. त्यापेक्षा एक वार ठरवा, समजा रविवार, त्या दिवशी ज्याने त्याने आपला किमान सहा महिने जुना एकच लेख द्यायचा, सोबत तो कशाबद्दल आहे ते तीन-चार ओळींत सांगायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे आपला दिल्यावर दुसऱ्या कोणाचातरी एक वाचून त्यावर काहीतरी लिहायचं. ही शेवटची अट नसेल तर नुसता लिंकांचा ढीग होतो, सगळे टाकतात आणि कोणीच वाचत नाही, मी हे होताना पाहिलंय. बाकीच्या दिवशीही नियम एवढाच ठेवा की चालू विषयाशी संबंध असेल तर जुना लेख दिला तरी चालेल. कोणी विचारलं की परळ-लालबागमध्ये कामगार जेवायचे कुठे, आणि त्या मुलीने दोन ओळींत उत्तर देऊन खाली आपल्या लेखाची लिंक दिली, तर त्याला जाहिरात कसं म्हणायचं? विचारणाऱ्याला हवं होतं तेच तिने दिलं.

वाचक म्हणून आपल्याला करता येण्यासारखं तर फारच सोपं आहे. एखादी पोस्ट आवडली की प्रोफाइल उघडून थोडं खाली जायचं, एक जुनं वाचायचं आणि तिथेच काहीतरी लिहायचं, नुसता अंगठा किंवा बदाम नको. जुन्या मराठी साइटवरच्या लोकांना ‘वर काढतेय’ ही पद्धत माहीत आहे, जुन्या लेखाखाली कोणी लिहिलं की तो परत पहिल्या पानावर यायचा आणि नवीन आलेल्यांना दिसायचा. फेसबुकच्या ग्रुपमध्येही नव्या हालचालीप्रमाणे पोस्ट लावल्या असतील तर तसंच होतं. ही सवय आपण सोडून दिली, ती परत लावून घ्यायला हवी. लेखकाला तर त्याने काय होतं ते विचारूच नका, दोन वर्षांपूर्वीच्या लेखावर कोणीतरी मनापासून लिहिलंय असं नोटिफिकेशन आलं की माणूस महिनाभर त्या जोरावर लिहीत राहतो.

लेखकाने काहीच करायचं नाही असं नाही. आपल्या निवडक लेखांची एक यादी करून ती प्रोफाइलच्या वर पिन करून ठेवावी, प्रत्येकापुढे एक ओळ आणि लिंक. सगळे नकोत, आठ-दहा पुरेत, शंभर लिंक बघून वाचक पळतो. शीर्षकात गावाचं, विषयाचं, वर्षाचं नाव असावं. नवीन लिहिताना आधीच्या कुठल्या लेखाशी धागा जुळत असेल तर तिथेच तसं सांगावं. प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर कथेचे भाग लिहिणाऱ्यांचं बघा, पाचव्या भागावर आलेला वाचक पहिला भाग शोधून वाचतो, कारण आधी काहीतरी आहे हे त्याला कळतं आणि तिथे जायला वाट असते. आणि काळवेळ बघून जुनं परत द्यावं, बिनधास्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री चालत घरी आलेल्या प्रत्येक मुंबईकराकडे एक गोष्ट आहे, ती तुम्ही कधीतरी लिहिली असेल तर दर जुलैला ती वाचायला लोक तयार असतात, तेव्हा जन्मलेली मुलं आता कॉलेज करून बाहेर पडतायत, त्यांच्यासाठी तर ती नवीनच आहे. फक्त वर मूळ तारीख टाका, म्हणजे कोणाला फसवल्यासारखं होत नाही. आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा हो, फोन हरवतो, अकाउंट हॅक होतं. उघड्या पानावर लिहिलं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये लिंक टाकून पान जपून ठेवता येतं, फुकट आहे.

दिवाळी अंकवाल्यांशी मला जरा भांडायचंय. अंकासाठी लेख मागवताना अट असते, पूर्वप्रकाशित नको, आणि फेसबुकवर टाकलेलंही त्यात धरतात. वाचकाने पैसे देऊन घेतलेल्या अंकात नवीन मजकूर असावा हे मान्य. पण मग चाळीस लोकांनी पाहिलेली पोस्ट आणि पाच हजार खपाच्या मासिकात आलेला लेख हे दोन्ही एकाच मापाने ‘प्रकाशित’ कसे? निदान अंकात थोडी पानं तरी अशी ठेवा की वर्षभरात ऑनलाइन आलेलं, फारसं न वाचलं गेलेलं, संपादकाने स्वतः शोधून काढलेलं लिखाण त्यात येईल. ते न जमलं तर लेखाच्या शेवटी लेखकाच्या परिचयाची जी दोन ओळींची चौकट असते, ज्यात शिक्षण आणि नोकरी लिहिलेली असते, तिथे एक क्यूआर कोड छापा, त्याने तिचे आधीचे लेख उघडतील. जागा पोस्टाच्या तिकिटाएवढी लागते.

सरकारी पातळीवरही विचार व्हायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे, नवलेखकांना पहिलं पुस्तक छापायला अनुदान देण्याची त्यांची योजना आहे, चांगली आहे. पण तिचा रोख छापील पुस्तकावर. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून जुन्या मराठीबद्दल बरंच बोललं जातंय आणि बोललं जावंच, ताम्रपट, शिलालेख, महानुभावांच्या पोथ्या सगळं जपायला हवं. त्याच्याच जोडीला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ऑनलाइन मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं निवडक, लेखकाच्या परवानगीने, नावासकट, विषयवार लावून एका जागी ठेवायचं काम कोणीतरी हातात घ्यावं. १८९८ पासून मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या लोकांच्या शहरात हे अशक्य आहे असं मला वाटत नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो स्वतः लेखकच घेतात. जुनं लिखाण कच्चं असतं, तेव्हा मला नीट लिहिता येत नव्हतं, आता ते कोणी वाचू नये असंच वाटतं. ज्याला खरंच तसं वाटतं त्याने काढून टाकावं, तो त्याचा हक्क आहे, त्यावर मी काय बोलणार. पण बऱ्याचदा लेखकाला स्वतःच्या कच्चेपणाचं जे ओझं वाटतं ते वाचकाला जाणवतही नाही. खानावळीच्या त्या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, मधला एक परिच्छेद उगाच लांबलाय, शेवट घाईत केलाय. तरीही रेघांवर चुना न लावू देणारी ती बाई त्यात जशी उभी आहे तशी तिने नंतर लिहिलेल्या सफाईदार पोस्टींमध्ये कोणीही नाही. मागच्या आठवड्यात मी तिला न विचारता तो लेख माझ्या वॉलवर दिला, तिच्या नावासकट, वर दोन ओळी लिहून. संध्याकाळी शिवडीच्या एका आजोबांनी खाली लिहिलं की ते स्वतः अशाच एका खानावळीत अकरा वर्षं जेवले, त्यांची खूण छत्री होती, आणि या मुलीने आणखी काय लिहिलंय, कुठे मिळेल? मी त्यांना तिच्या आणखी तीन जुन्या लेखांच्या लिंक पाठवल्या.